कार्ब्युरेटरवाली ८००: घाटात मिसिंग (झटके), पॉइंट-कंडेन्सर-वायरी घरीच बदलतोय, अनुभव सांगा

शाहूपुरी_८००

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९६ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, पॉइंटवाली (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारा स्विच म्हणजे पॉइंट). वडिलांनी नवी घेतलेली, अजून घरातच आहे आणि रोजच्या वापरात आहे. सपाटीला मस्त चालते पण पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागली आणि तिसऱ्या गिअरला जरा पाय दाबला की झटके सुरू, पाय सैल केला की परत नॉर्मल. यवतेश्वरच्या घाटात पण सेम. आणि पाऊस लागल्यापासून सकाळी पहिल्या स्टार्टला लय वेळ सेल्फ मारावा लागतोय.

एका गॅरेजात दाखवली, त्यांनी एकदा रेस देऊन बघितली आणि कार्ब्युरेटर नवा टाका म्हणाले. मला ते पटेना, कारण कार्ब्युरेटर गेल्याच हंगामात उघडून साफ झालाय, फिल्टर नवा आहे, टाकीत कचरा नाही. म्हणून मी घरी डेलकोचं (ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टोपण उघडलं तर पॉइंटच्या एका तोंडावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा. प्लग काढले, १ आणि ३ नंबरचे विटकरी म्हणजे ठीक, २ नंबरचा काळा कोरडा काजळी धरलेला. वायरी किती जुन्या आहेत कोणालाच माहीत नाही.

विचार असा आहे की या रविवारी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, टोपण, वायरी, प्लग सगळं एकदम नवं टाकून मोकळं व्हायचं. माझ्याकडं फीलर गेज (गॅप मोजायच्या पात्या), मल्टीमीटर, प्लग पाना आणि वेळ आहे. ज्यांनी स्वतःच्या हातानं केलंय त्यांनी सांगा, क्रम काय ठेवू आणि कुठं जपायचं?

वाईकर

एवढा खर्च करायच्या आधी पेट्रोलकडं बघा राव. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल येतंय, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप फुगतात, कार्ब्युरेटरचे जेट त्या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत. घाटात झटके म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. गॅरेजवाला बरोबर असू शकतो.

हळदीगाव

सांगलीहून लिहितोय. पॉइंटवाल्या गाड्यांवरच माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

पहिली गोष्ट, सगळं एकदम बदलू नका. सहा पार्ट एकाच रविवारी टाकले आणि गाडी सुधारली तर नेमकं काय खराब होतं ते कधीच कळणार नाही, आणि बिघडली तर त्याहून वाईट, कारण त्या सहातला कुठला नवा पार्ट घाण निघालाय ते शोधत बसाल. हो, आजकाल नवा पार्ट घाण निघतो, ही दुसरी गोष्ट. तुमच्या गाडीवरचा जुना कंडेन्सर कंपनीचा असेल तर तो फेकायचा नाही, कागदात गुंडाळून डिकीत ठेवायचा.

आता घाटातच का होतंय ते बघा. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या आतल्या जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकाची ताकद साठते. डेलकोतल्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यानं पॉइंट उघडले की करंट तुटतो, ती ताकद एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये दहा-वीस हजार व्होल्टपर्यंत दाब तयार होतो. तो मधल्या वायरीनं टोपणात येतो, रोटर त्याला ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरकडं पाठवतो. कंडेन्सर कशाला? पॉइंट उघडताना तिथंच ठिणगी उडून करंट ओढला जाऊ नये म्हणून. तो नीट असला तरच करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोरात ठिणगी मिळते.

सपाटीला अर्धा पाय दिलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल कमी भरलेलं असतं, दाब कमी, ठिणगीला उडी मारायला सोपं जातं. घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो, आणि त्याच प्लगच्या गॅपमधून उडी मारायला खूप जास्त व्होल्ट लागतात. तेवढे व्होल्ट चढायला लागले की ते सगळ्यात कच्ची जागा शोधतात, मग ती वायरीची चिरलेली रबर असो नाहीतर टोपणातली बारीक रेघ. म्हणून कच्चं इग्निशन नेहमी चढावरच उघडं पडतं.

तर आधी मोजा, मग बदला. टोपण काढून आतून उजेडात तिरकं धरा, एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडं जाणारी काळी केसासारखी रेघ दिसते का? मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर आत-बाहेर होते का? वायरी एकेक काढून मल्टीमीटरवर ओहम बघा, कार्बन गाभ्याच्या वायरीला एक मीटर लांबीला साधारण दहा ते वीस किलो-ओहम धरा, फुटाच्या वायरीला त्या हिशोबात, आणि मोजताना वायर वाकवून बघा, काही वायरी सरळ असताना बऱ्या असतात आणि वाकवल्या की तुटतात. इंजिनपासून बॉडीला आलेली अर्थिंगची पट्टी काढून, घासून परत घट्ट करा, ती कोणीच बघत नाही. आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन किती दाब करतो ते) बघितलंय का? ते सारखं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

शाहूपुरी_८००

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार, घाट चढताना व्होल्ट का वाढतात हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेशन बघून घेतलंय, तिन्हीचं जवळजवळ सारखं आहे.

@वाईकर, तुमचं इथेनॉलचं म्हणणं मी उडवून लावत नाही, माझे पेट्रोलचे पाइप मी मागंच बदललेत त्याच कारणानं. पण एक बघा, तिन्ही सिलिंडरला कार्ब्युरेटर एकच आहे. पेट्रोल कमी पडत असतं तर तिन्ही प्लग सारखे दिसले असते. माझ्यात फक्त २ नंबरचा काळा आहे. शिवाय पेट्रोल कमी पडलं की गाडी हळूहळू दम सोडते, माझी तशी करत नाही, माझी खटकन झटका देते आणि लगेच परत पकडते, कोणी बटण बंद-चालू केल्यासारखी.

वाईकर

हे एक सिलिंडरवालं पटलं. पण मिश्रण पातळ झालं की ठिणगीला जास्त ताकद लागते हेही तितकंच खरं, म्हणजे इथेनॉलनं तुमचं कच्चं इग्निशन लवकर उघडं पाडलं असं म्हणू.

हळदीगाव

@वाईकर बरोबर, हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. पातळ मिश्रण पेटवायला जास्त व्होल्ट लागतात.

कासरोड

मी यवतेश्वरच्या वरच्या बाजूला राहतो, आमच्याकडं जून ते सप्टेंबर घरातले कपडे वाळत नाहीत तर गाडीचं काय घेऊन बसलात. एक साधी टेस्ट सांगतो जी मी दरवर्षी करतो. रात्री पूर्ण अंधारात, अंगणातला दिवा पण बंद, बॉनेट उघडून गाडी चालू ठेवायची आणि झाडाला मारायच्या पंपानं पाण्याचा अगदी बारीक फवारा वायरींवर आणि टोपणावर मारायचा. जिथून करंट लीक होतोय तिथं निळ्या रेघा नाचताना दिसतात, टकटक आवाज पण येतो. हात मागं ठेवा, फॅन आणि बेल्टपासून लांब उभं राहा, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी या कामाच्या जवळपास पण येऊ नये. पेट्रोल कुठं ठिबकत असेल तर ही टेस्ट अजिबात करायची नाही.

मिरजेची_पद्मिनी

वाचतेय. आमच्याकडं बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, तिचं पण हेच काम डोक्यात आहे. फोटो नाही टाकता आले तरी शब्दांत नीट लिहा दादा, पॉइंटचा गॅप लावतानाचं खास करून.

शाहूपुरी_८००

काल रात्री कासरोड दादांची टेस्ट केली आणि खरंच सांगतो, बघून अंगावर काटा आला. ३ नंबरची वायर जिथं लोखंडी क्लिपला टेकते तिथून क्लिपवर निळी ठिणगी सारखी उडत होती, आणि फवारा मारल्यावर टोपणाच्या बाहेरून २ आणि मधल्या खांबाच्या मध्ये दोरा ओढल्यासारखी रेघ. दिवसा टोपण काढून आत बघितलं, काका म्हणाले तशीच काळी रेघ आत पण आहे.

वायरी मोजल्या. १ नंबर आणि मधली ठीक. ३ नंबर आकड्यात ठीक पण वरची रबर चिरलेली. २ नंबर सरळ धरली तर रीडिंग देते आणि प्लगच्या टोकाशी वाकवली की मीटर एकदम उघडं दाखवतो. तो काळा प्लग तिथला होता! कॉइल पण मोजली, बारीक बाजू दहा किलो-ओहमच्या आसपास, म्हणजे कॉइलला हात लावत नाही.

तर आता ठरलं: पहिल्यांदा फक्त टोपण, रोटर आणि वायरी. मग घाट. मग प्लग आणि पॉइंट.

हळदीगाव

शाब्बास, असंच पाहिजे.

वायरी बदलताना एक काढायची, तेवढीच नवी लावायची, मग दुसरी. सगळ्या एकदम उपटायच्या नाहीत. ८०० ची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२ आहे, पद्मिनीची आणि बहुतेक चार सिलिंडरवाल्यांची १-३-४-२, पण एकेक बदललं तर ऑर्डर आठवायची वेळच येत नाही. लांबी जुळवून लावा, लांब वायर आखूड जागी लावली की ती लोंबून गरम मॅनिफोल्डला टेकते आणि महिन्यात जळते. वायर ओढायची नाही, बूट (टोकाचं रबरी टोपण) धरून पिळून काढायची. रोटरची पितळी पट्टी आणि टोपणातली टोकं नवी असली तरी कोरड्या फडक्यानं पुसा. बुटाच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही.

आणि काही लोक पावसाळ्यात टोपणाला सगळीकडून सिलिकॉन सीलंट फासतात, तसं करू नका. आत ठिणगीमुळं जो वायू तयार होतो त्याला बाहेर पडायला हवा खेळती लागते, गच्च बंद केलं तर आतच दव धरतं.

एस्टीमवाला_कराड

मधेच घुसतोय. हे पॉइंट-बिइंटचं झंझट कायमचं संपवा ना, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पिकअपची किट बसवतात ती टाका. माझ्या एस्टीमला पॉइंट नाहीतच, आत पिकअप आणि मॉड्यूल (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे, गॅप लावायची कटकट नाही, ठिणगी एकसारखी. परदेशात जुन्या गाड्यांवर सर्रास टाकतात.

शाहूपुरी_८००

टोपण, रोटर, वायरी झाल्या. पार्ट सातारच्या बाजारात नीट मिळेनात, एका मित्रानं पुण्याच्या नाना पेठेतून आणून दिले. बदलल्यावर गाडी घेऊन तडक यवतेश्वर चढलो, सकाळचं धुकं, रस्ता ओला, तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण खाली. झटका गेला! ८० टक्के तरी गेला. वरच्या टोकाला रेस जास्त झाली की अजून थोडी कुरकुर आहे, ती पॉइंटचीच असणार. सकाळचं स्टार्टिंग अर्ध्या सेल्फला यायला लागलंय.

इलेक्ट्रॉनिकबद्दल एस्टीमवाले दादा, चांगलं असेल, पण मला पॉइंटच ठेवायचेत. रात्री अकराला पाचवडच्या पुढं गाडी बंद पडली तर पॉइंट मी पॉलिश पेपरनं घासून घरी येईन. मॉड्यूल मेलं तर टोइंगच बोलवावं लागणार.

एस्टीमवाला_कराड

मॉड्यूल सहजासहजी मरत नाहीत हो. वर्षानुवर्षं चालतात.

हळदीगाव

दोघांचंही खरं आहे. चांगल्या किटचा फायदा असा की कॅमवर घासणारा तुकडाच नाही, त्यामुळं झिजून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या गावभागात, मारुती चौकात शिरलं, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या वर. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर आमच्याकडं आल्या. पॉइंटवाल्या गाड्यांचे डेलको गाळ धुऊन, वाळवून, पॉइंट-कंडेन्सर नवे टाकून चालू झाले. मॉड्यूलवाल्या काही चालू झाल्या, काहींना नवीन मॉड्यूल शोधत महिनोन् महिने उभं राहावं लागलं. म्हणून जो स्वतः हात लावतो त्यानं पॉइंट ठेवावेत असं मी सांगतो, ज्याला बॉनेट उघडायचंच नाही त्यानं किट टाकावी.

मिरजेची_पद्मिनी

काका, माझ्या माहेरची गाडी पण त्याच पुरात होती, गाळ काढायलाच आठवडे गेले. पण आता पॉइंटचं लिहा ना कोणीतरी.

शाहूपुरी_८००

लिहितो ताई. आज प्लग आणि पॉइंट केले, आरामात, घाई न करता.

प्लगचं आधी सांगतो. इंजिन पूर्ण गार पाहिजे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोबत घेऊन येतो. काढायच्या आधी खड्ड्यातली धूळ टायरच्या पंपानं उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवीन प्लग बसवताना पान्यानं सुरुवात करायचीच नाही, जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या मागच्या टोकावर चढवायचा आणि त्या पाइपानं फिरवत आत घालायचा. आटा वाकडा धरला तर पाइप हातात घसरतो, प्लग पुढं जातच नाही, म्हणजे आटे खराब व्हायची भीतीच नाही. हातानं टेकला की मग पान्यानं नव्या वॉशरला अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत. जुनाच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तिथं घड्याळातल्या एका तासाएवढं पुरे. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवला, डब्यातून आला तसा विश्वास ठेवू नका, तिन्ही वेगवेगळे निघाले माझे.

आता पॉइंट. बॅटरीची अर्थ काढली. टोपण, रोटर बाजूला. पॉइंट ज्या स्क्रूवर बसतात ते एवढेसे असतात आणि खाली डेलकोच्या पोटात पडले तर सगळा डेलको काढायला लागेल, म्हणून प्लेटीच्या आजूबाजूला फडकं गच्च भरलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं, स्क्रू त्यालाच चिकटून वर येतो. नवा पॉइंट बसवताना बारीक वायरीचं टोक आणि इन्सुलेशनचे वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं, यात एक जरी वॉशर इकडचा तिकडं झाला तर पॉइंट कायमचा बॉडीला अर्थ होतो आणि ठिणगीच येत नाही. काढताना मी वहीत चित्र काढून ठेवलं होतं.

गॅप लावायला घासणारा तुकडा कॅमच्या बरोब्बर शेंड्यावर पाहिजे. गाडी चौथ्या गिअरला टाकून, प्लग काढलेलेच होते त्यामुळं एका हातानं पुढं ढकलली, आणि भावानं बघून थांब म्हणून सांगितलं. तिथं पॉइंट सगळ्यात जास्त उघडलेले असतात. ०.४५ ची पाती मध्ये घातली, पट्टीचा स्क्रू जरा सैल, खाचेत ड्रायव्हर घालून इंचाचा शंभरावा भाग हलवायचा असतो, पाती सरकवताना कागद दोन बोटांमध्ये धरून ओढावा तेवढाच अडकाव जाणवला पाहिजे. स्क्रू घट्ट केल्यावर परत मोजायचं, घट्ट करताना हमखास हलतो. शेवटी स्वच्छ पांढरा कागद तोंडांमधून ओढून घेतला, फीलरला तेल असतं ते तोंडाला लागलं तर जळून काळं होतं. कॅमला ग्रीसचा फक्त डाग, जास्त लावलं तर फिरताना उडून पॉइंटवरच जातं.

मिरजेची_पद्मिनी

अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाबांच्या पुस्तकात पद्मिनीला ०.४२ ते ०.४८ दिलंय, म्हणजे तुमच्याच आसपास. एक शंका, माझ्याकडचे जुने पॉइंट बरे दिसतात, त्यांनाच फीलर लावून गॅप नीट केला तर चालेल का?

हळदीगाव

ताई, तोंडं सपाट असतील तरच. एका बाजूला डोंगर असेल तर पाती त्या डोंगराच्या टोकावर टेकते आणि ०.४५ दाखवते, पण आजूबाजूला खरा गॅप त्याहून कितीतरी जास्त असतो. आधी सपाट घासा नाहीतर नवे टाका.

आणि शाहूपुरीवाले, पॉइंट बदलले म्हणजे टायमिंग बघायलाच लागतं, हे लोक विसरतात. गॅप मोठा झाला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढं जातं. लहान झाला की मागं. म्हणूनच तुकडा झिजत जातो तशी गाडी हळूहळू मंद होत जाते आणि मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. डवेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारं) कोणाकडं असेल तर तीन सिलिंडरला ६२ अंशांच्या आसपास.

शाहूपुरी_८००

टायमिंग पण केलं काका. गिअरबॉक्सच्या घंटीसारख्या कव्हरवरचं रबरी बूच काढलं की फ्लायव्हीलवरची (इंजिनच्या जड चाकावरची) खूण दिसते, तिथं टॉर्च मारून खूण मॅन्युअलच्या आकड्यावर आणली. मग इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी लावून, एक टोक कॉइलच्या डेलकोकडच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. बॅटरी जोडून चावी चालू. पॉइंट मिटलेले तोवर बल्ब बंद, उघडले की लागतो. डेलकोचा नट सैल करून तो अगदी सावकाश फिरवायचा, बल्ब ज्या क्षणी लागतो तिथंच नट घट्ट. चावी उगाच चालू ठेवायची नाही, पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत बसते.

आता नवी अडचण. गाडी गार असताना सुंदर, पण कोरेगाव रोडला अर्धा तास चालवली आणि गरम झाल्यावर फटके मारायला लागली, सायलेन्सरमधून आवाज, मग बंद. दहा मिनिटं थांबलो की परत चालू. पॉइंटबरोबर कंडेन्सर पण नवा टाकला होता.

कासरोड

कंडेन्सर.

हळदीगाव

कंडेन्सरच. दुसरं काही उघडू नका, जुना परत लावा आणि त्याच रस्त्याला जा.

शाहूपुरी_८००

तसंच केलं. जुना लावला, तोच कोरेगाव रोड, तेच ऊन, वर जाऊन यवतेश्वर पण चढून आलो, एक झटका नाही, एक फटका नाही. रेस पूर्ण वरपर्यंत स्वच्छ जाते. गाडी दहा वर्षं लहान झालीये.

नवा कंडेन्सर मल्टीमीटरवर मोजला तर गार असताना ०.२४ मायक्रोफॅरड दाखवतोय, म्हणजे कागदावर उत्तम. मग बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं तो तापवला आणि मोजत राहिलो, तापला तसं रीडिंग नाचायला लागलं आणि शेवटी घसरलंच. कंपनीचं नाव घेत नाही, एका नगावरून सगळ्यांना बोल लावणं बरोबर नाही. पण नवा कंडेन्सर आणला की बसवायच्या आधी तापवून मोजा, हे मात्र कळकळीनं सांगतो. मीटरवर ०.२ ते ०.३ च्या मध्ये पाहिजे, आणि गरम झाल्यावर पण तिथंच टिकलं पाहिजे.

वाईकर

हे तापवून मोजायचं पहिल्यांदा ऐकलं. भारी.

कासरोड

पीयूसीचं काय झालं? तुमची पासिंग पण जवळ आली असेल.

शाहूपुरी_८००

हो, १९९६ ची गाडी, २०११ ला पहिली रिपासिंग, मग दर पाच वर्षांनी, म्हणजे २०२६ ला परत. आमच्या काळातल्या गाड्यांना पीयूसीत एचसीची (न जळलेल्या पेट्रोलची) मर्यादा १५०० आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) तीन टक्के. मागच्या वेळी एचसी मर्यादेच्या अगदी काठावर होतं आणि पीयूसीवाल्यानं पण कार्ब्युरेटरच बघायला सांगितलेलं. आता निम्म्याच्या पण खाली आलं, स्क्रूला हात न लावता. एक सिलिंडर अधूनमधून पेटत नसेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून तसंच बाहेर जातं, एचसी वाढणारच.

मिरजेची_पद्मिनी

दादा, काका, एक शेवटचं विचारते. आमच्या पद्मिनीला मागं कोणीतरी कॉइल बदललीये, त्यानंतर पॉइंट फार लवकर जळतात. कंडेन्सर दोनदा बदलून झालाय.

हळदीगाव

ताई, कॉइल चुकीच्या जातीची असणार. कॉइल दोन प्रकारच्या येतात. एकीची जाड बाजू तीन ओहमच्या आसपास, ती थेट बारा व्होल्टवर चालते. दुसरी दीड ओहमच्या आसपास, तिच्या आधी बॅलास्ट म्हणून वेगळा रेझिस्टर लागतोच. दीडवाली कॉइल रेझिस्टरशिवाय लावली की पॉइंटमधून दुप्पट करंट जातो, कॉइल पण हात लावू देत नाही इतकी तापते आणि पॉइंट जळतात. कंडेन्सर कितीही बदला, फरक पडणार नाही. उलटं केलं, म्हणजे तीनवाली कॉइल रेझिस्टरच्या मागं लावली, तर ठिणगी दुबळी.

चावी बंद, कॉइलच्या प्लस आणि मायनस टर्मिनलच्या वायरी काढा आणि त्या दोघांत ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, एवढ्या लहान मापात त्यानं फरक पडतो. मग चावीकडून कॉइलला येणाऱ्या वायरीत कुठं पांढऱ्या चिनी मातीचा ठोकळा आहे का ते बघा. दोन्ही इथं लिहा.

मिरजेची_पद्मिनी

मोजलं काका. पिनांचं वजा करून १.४ आला. आणि वायरीत ठोकळा कुठंच नाही, चावीपासून थेट कॉइलपर्यंत आलीये, डॅशबोर्डच्या खालून हात घालून सगळी चाचपली.

हळदीगाव

मग सापडलं. तीन ओहमची, बाहेर रेझिस्टर न लागणारी कॉइल आणा, दुकानात मीटर नेऊन तिथंच मोजून घ्या, डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. पॉइंट नवे टाका, जळलेले घासत बसू नका. कॉइलच्या दोन टर्मिनलच्या वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका, चावीकडची प्लसला आणि डेलकोकडची मायनसला, उलट्या लागल्या तरी गाडी चालू होते पण ठिणगी कमजोर पडते आणि तुम्ही परत घाटात शोधत बसाल.

शाहूपुरी_८००

ताई, मिरजेहून कधी पुण्याकडं निघालात तर साताऱ्यात थांबा, माझ्याकडं बल्बची वायर आणि फीलर तयार आहे, टायमिंग दोघं मिळून लावू. कॉइल बसवली की इथं कळवा मात्र.

मिरजेची_पद्मिनी

नक्की दादा. कॉइल शनिवारी आणतेय, बाबांना सोबत घेऊनच बसवणार.